जुन्या मोटारींवरच्या विचित्र वस्तू आणि त्यांच्यामागचं विज्ञान



विज्ञानाच्या तासाला शोधांची यादी पाठ करून घेणं सोपं असतं. अमुक शोध, तमुक शास्त्रज्ञ, हे साल. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरूनही जातात. कारण त्या यादीत नुसती उत्तरं असतात, प्रश्न नसतात. ती वस्तू नव्हती तेव्हा माणसाचं नेमकं काय अडत होतं, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

ही उणीव भरून काढायला जुन्या मोटारी फार उपयोगी पडतात. शंभर वर्षांपूर्वी गाडी घेतली, तरी आज आपण गृहीत धरतो त्यातल्या कितीतरी गोष्टी तिच्यात नसायच्या. मग लोक त्या वेगळ्या विकत घेऊन बसवायचे. त्यातल्या काही वस्तू आज पाहिल्या की हसू येतं. पण प्रत्येक वस्तू हे कुणाच्या तरी अडचणीवरचं उत्तर आहे, आणि तिच्यात आपल्याच पाठ्यपुस्तकातलं एखादं तत्त्व दडलेलं आहे. अशा सात वस्तू पाहू. आधी अडचण, मग वस्तू, मग तत्त्व. वर्गातही हाच क्रम ठेवून बघा.

१. काडीने पेटवायचा हेडलाइट

अडचण सरळ आहे. गाडी आहे, पण गाडीत दिव्यांना पुरेल अशी वीज नाही. मग रात्री रस्ता दिसणार कसा?

उत्तर होतं कार्बाइडचा दिवा. खालच्या डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि वरच्या डब्यात पाणी. पाणी थेंब थेंब खाली पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. तो नळीतून दिव्यात जातो. चालकाने खाली उतरून, काच उघडून, काडीने दिवा पेटवायचा. मागच्या अंतर्वक्र आरशामुळे उजेड पुढे फेकला जायचा. पुढे फूटबोर्डावर बसवायच्या तयार गॅसच्या टाक्याही मिळू लागल्या. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बटणाने इंजिन सुरू होण्याची सोय आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि हळूहळू काडीपेटीचं काम संपलं.

कार्बाइड हा शब्द मुलांनी आंबे पिकवण्याच्या बातम्यांत ऐकलेला असतो. तसं करायला कायद्याने बंदी आहे, हेही इथे सांगता येईल. आणि एक सूचना: ॲसिटिलीन स्फोटक आहे, त्यामुळे हा प्रयोग वर्गात करायचा नाही. फळ्यावर आकृती काढणं पुरेसं आहे.

२. नाकावर बसवलेला तापमापक

आपल्याकडे घाट चढताना जुनी गाडी 'गरम होते', मग बॉनेट उघडून थांबावं लागतं, हे घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. सुरुवातीच्या गाड्यांत तर पाणी उकळायला लागल्याचं वाफ बाहेर येईपर्यंत कळायचंच नाही.

अमेरिकेत 'बॉइस मोटोमीटर' नावाचा तापमापक निघाला. त्याचं पेटंट १९१२ चं. त्या काळी रेडिएटर गाडीच्या अगदी पुढे, उघड्यावर असायचा. त्याच्या झाकणावरच हा गोल तापमापक उभा करायचे. त्याचं टोक आत, पाण्याच्या वरच्या वाफेत, आणि काच चालकाकडे. लाल रेघ वर सरकली की गाडी थांबवायची. मुलांना विचारा, तापमापक पाण्याच्या तळाशी का नाही ठेवला? गरम पाणी वर चढतं, अभिसरण होतं, हे उत्तर त्यांचं त्यांना सापडू द्या. त्या काळच्या फोर्ड मॉडेल टी गाडीत तर बहुतेक काळ पाण्याला पंपच नव्हता. पाणी अभिसरणानेच फिरायचं.

३. हाताने फिरवायचा वायपर, आणि चढावर थांबणारा वायपर

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथल्या ट्रामच्या काचेवर हिमकण साचायचे आणि चालकाला समोरचं दिसायचं नाही. त्यांनी आतून दांडीने फिरवता येईल असा रबरी पट्टीचा वायपर तयार केला. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळालं. कॅनडातल्या एका कंपनीला त्यांनी हक्क विकायचा प्रयत्न केला, पण या वस्तूला व्यापारी किंमत नाही असं उत्तर आलं. पेटंटची मुदत संपली, वायपर घरोघरच्या गाड्यांवर आले, आणि अँडरसन यांना त्यातून काहीच मिळालं नाही.

पुढची पायरी आणखी मजेशीर आहे. इंजिन हवा आत ओढतं, त्यामुळे त्याच्या नळीत हवेचा दाब कमी होतो. दाबाच्या या फरकावर वायपर चालवायची युक्ती निघाली आणि ती कित्येक वर्षं टिकली. पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की नळीत जास्त हवा शिरायची, दाबाचा फरक घटायचा आणि वायपर मंदावायचा, कधी थांबायचाच. म्हणजे भर पावसात घाट चढताना, नेमक्या गरजेच्या वेळी! वर्गात बिनसुईची सिरिंज घ्या, तोंड बोटाने बंद करा, दट्ट्या ओढा आणि सोडा. दट्ट्या परत आत का जातो, तिथून चर्चा सुरू करा.

४. गाडीचा हात

वळायचं असेल तर मागच्याला कळवायचं कसं? चालक खिडकीतून हात काढायचा. पण पावसात, थंडीत, बंद खिडकीतून काय करायचं?

१९१४ च्या सुमारास मूकपटांतली अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स यांनी बटण दाबल्यावर गाडीच्या मागे वरखाली होणारा इशारादर्शक हात तयार केला. पेटंट मात्र घेतलं नाही. नंतर युरोपातल्या गाड्यांवर 'ट्रॅफिकेटर' आला. दोन दारांमधल्या खांबात लपलेली एक छोटी पट्टी. बटण दाबलं की ती आडवी बाहेर यायची आणि तिच्यातला दिवा लागायचा. इंग्लंडच्या मॉरिस मायनर गाडीवर ती १९६१ पर्यंत होती.

आत काय होतं? दहावीत आपण शिकवतो ते नालकुंतल. वीज सुरू झाली की लोखंडी दांडा आत खेचला जातो आणि पट्टी उचलली जाते. एनॅमलची तांब्याची तार रिकाम्या पेनाच्या नळीवर गुंडाळा, दोन सेल जोडा, तोंडाशी बारीक खिळा धरा. तार तापते, म्हणून क्षणभरच जोडा.

५. खिडकीला टांगलेला कूलर

ही वस्तू पाहून मुलं सगळ्यात जास्त हसतात. १९३० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी भागात लोक गाडीच्या खिडकीला नळकांड्यासारखा एक डबा टांगायचे. डब्यात पाणी आणि ओलं पॅड. गाडी धावली की वारा पॅडमधून आत यायचा, पाण्याचं बाष्पीभवन व्हायचं आणि हवा गार व्हायची.

ओळखीचं वाटतं ना? आपला माठ, वाळ्याचे पडदे, विदर्भातल्या घराघरातला कूलर, सगळे याच घराण्यातले. आता मुलांना विचारा: हा डबा नागपूरच्या मे महिन्यात चालेल का? आणि रत्नागिरीच्या? दमट हवेत बाष्पीभवन मंद होतं, म्हणून तिथे गारवा मिळणार नाही, उलट आतली हवा आणखी दमट होईल. शिवाय गाडी थांबली की वारा बंद. याच काळात, १९४० च्या मॉडेलपासून, पॅकार्ड कंपनी कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून देऊ लागली होती. पण ते महाग होतं. डबा स्वस्त होता.

६. सिग्नल दाखवणारा लोलक

काही अमेरिकन गाड्यांच्या पुढच्या काचेवर बाहेरून छज्जा बसवायचे, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. पण तिथे सिग्नल चौकाच्या वर टांगलेले असतात. छज्ज्यामुळे तेच दिसेनात! मग डॅशबोर्डवर रेघारेघांचा एक पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवायचे. तो लोलकासारखा प्रकाश वळवायचा आणि वरचा सिग्नल चालकाला खाली पाहूनच कळायचा. एका उपायातून दुसरी अडचण कशी जन्म घेते, याचं इतकं छोटं आणि नेटकं उदाहरण क्वचित मिळतं.

७. गाडीतली तबकडी

१९५६ मध्ये क्रायसलर कंपनीने काही गाड्यांत डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला. नाव 'हायवे हाय-फाय'. तो पीटर गोल्डमार्क यांनी तयार केला होता. तबकडी फक्त ७ इंचांची, पण मिनिटाला १६⅔ फेरे इतक्या संथ गतीने फिरायची, त्यामुळे एका बाजूला साधारण ४५ मिनिटं आवाज मावायचा. मुलांना गणित घाला: एका बाजूसाठी तबकडीचे किती फेरे? उत्तर ७५०. पण घरातल्या नेहमीच्या तबकड्या त्यावर चालत नसत, वेगळ्या घ्याव्या लागत आणि त्या मोजक्याच होत्या. काही वर्षांत ही सोय बंद पडली.

यातून मुलांना काय द्यायचं?

या सातही वस्तू आज गाड्यांवर दिसत नाहीत, पण सगळ्या एकाच कारणाने गेल्या नाहीत. वायपर, तापमापक आणि इशारा देणारा हात खरं तर गेलेच नाहीत, रूप बदलून गाडीचाच भाग झाले. कार्बाइडच्या दिव्याला विजेचं अधिक चांगलं उत्तर मिळालं. लोलक गेला, कारण छज्जा गेला आणि प्रश्नच उरला नाही. कूलर आणि तबकडी अपुरी उत्तरं होती. एक ठरावीक हवेतच चालायचा, दुसरीला तबकड्या मिळत नव्हत्या.

'पूर्वीच्या लोकांना एवढंही कसं कळलं नाही?' असं मुलं पटकन म्हणून जातात. हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. त्यांना कळत होतं. हाताशी जे होतं त्यातूनच त्यांनी उत्तर काढलं. उद्या आपल्या आजच्या वस्तूंकडे पाहूनही कुणी असंच हसणार आहे. हे ज्या मुलाला उमगलं, त्याला चुकीच्या उत्तराची भीती कमी वाटेल, आणि वर्गात हात वर करायला तेच तर लागतं.

एक सोपा गृहपाठ देता येईल. वहीत चार रकाने आखा: अडचण, वस्तू, तत्त्व, आज तिच्या जागी काय. मग मुलांना घरातल्या आजी-आजोबांकडून अशा वस्तू शोधून आणायला सांगा. स्टोव्हची पिन, कॅसेटची सैल झालेली फीत गुंडाळायची पेन्सिल, छपरावर फिरवायचा अँटेना. यादी सहज लांबत जाते, आणि गप्पाही.

जाता जाता एक शब्द. आपण गाडीच्या सामानाच्या जागेला 'डिकी' म्हणतो. पूर्वी काही गाड्यांच्या मागच्या भागात झाकण उघडलं की जादा माणसांसाठी उघड्यावरचं आसन निघायचं, त्याला 'डिकी सीट' म्हणत. आसन गेलं, माणसांच्या जागी सामान आलं, शब्द मात्र आपल्याकडे राहिला. वर्गात विचारून बघा, 'डिकीत आधी कोण बसायचं?' बघा किती हात वर होतात ते.