परतीचा हक्क कोणाचा?

■ विस्थापन : १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनींना घरेदारे सोडावी लागली. निर्वासित छावण्यांत त्या घरांच्या लोखंडी किल्ल्या आजही जपल्या जातात.

■ ठराव १९४ : शेजाऱ्यांशी सलोख्याने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना परतू द्यावे, इतरांना भरपाई द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४८ रोजी ठरवले. अंमलबजावणी झाली नाही.

■ परतीचा कायदा : जुलै १९५० मध्ये इस्रायलने जगभरातल्या ज्यूंना स्थलांतराचा हक्क दिला. कोकणातले बेने इस्रायली ज्यूही तिकडे गेले. इस्रायलच्या ज्यू धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावर त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली, तेव्हा त्यांनी आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानले.

■ वाद : सगळे निर्वासित परतले तर ज्यूंचे बहुमत संपेल, शिवाय अरब देशांतून लाखो ज्यूही परागंदा झाले, असे इस्रायल सांगतो. घरावरचा हक्क काळाने बाद होत नाही, असे पॅलेस्टिनी म्हणतात.

दोन्ही समाजांची बेघर होण्याची भीती खरी आहे. एकाचीच भीती मोजणारा कोणताही तह टिकणार नाही.