एरियसवाद

एरियसवाद ही ख्रिस्ती धर्मातील चौथ्या शतकात उदयास आलेली एक मतप्रणाली होय. येशू ख्रिस्त हा देवपुत्र असला, तरी तो पित्याने निर्माण केलेला असून पित्याच्या बरोबरीचा नाही, असे तिचे प्रतिपादन होते. तिच्याशी झालेल्या वादातून त्रैक्याच्या सिद्धान्ताला, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांत एकच देव आहे या शिकवणीला, निश्चित शब्दरूप मिळाले.

वादाचे स्वरूप

एरियस हा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील धर्मगुरू होता. देव एक व अनादी आहे. पुत्र पित्यापासून झाला, म्हणजे त्याला आरंभ आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. पिता आपल्याहून थोर असल्याचे योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचे वचन त्याच्या पक्षाला आधारभूत वाटे. एरियस येशूला केवळ मनुष्य मानत होता, हा समज मात्र बरोबर नाही; त्याच्या मते पुत्र हा सृष्टीपूर्वी निर्माण झालेला व सृष्टीत सर्वश्रेष्ठ होता.

विरोधकांत अथनेशियस प्रमुख होता. निर्मित जीव इतर जीवांना तारू शकत नाही. पुत्र पूर्णार्थाने देव नसेल, तर मानवाचे तारण होणार नाही आणि त्याची उपासनाही मूर्तिपूजा ठरेल, असे त्याचे म्हणणे होते. म्हणूनच हा वाद केवळ शब्दांचा नव्हता.

निकिया परिषद

सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये निकिया (आजचे तुर्कस्तानातील इझनिक) येथे बिशपांची परिषद बोलावली. पुत्र पित्याशी ‘होमोऊसिऑस’, म्हणजे एकतत्त्व आहे, असे परिषदेने ठरविले व एरियसला हद्दपार करण्यात आले. पुढे काहींनी ‘होमोइऊसिऑस’, म्हणजे समानतत्त्व, असा पर्याय सुचविला. ग्रीक लिपीत या दोन शब्दांत केवळ ‘आयोटा’ या एका अक्षराचा फरक आहे.

नंतरचा काळ

परिषदेने वाद मिटला नाही. सम्राट दुसरा कॉन्स्टंटियस एरियसवाद्यांना अनुकूल होता. राजकीय पारडे फिरेल तसा अथनेशियसला पाच वेळा विजनवास भोगावा लागला. अखेर ३८१ मधील कॉन्स्टँटिनोपल परिषदेने निकियाचा निर्णय कायम केला व पवित्र आत्म्याचे देवत्वही प्रतिपादिले. गॉथ लोकांत मात्र एरियसवाद टिकून होता. स्पेनमधील व्हिसिगॉथ राज्याने तो ५८९ मध्ये सोडला.

पुत्र देव आहे हे ठरल्यावर त्याच्या ठायी देवत्व व मनुष्यत्व कसे नांदते, हा प्रश्न पुढे आला. ४५१ मधील कॅल्सिडॉन परिषदेने ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ असे उत्तर दिले. कॉप्टिक, आर्मेनियन व सीरियन परंपरेच्या चर्चनी ते नाकारले. केरळातील मलंकर ऑर्थोडॉक्स चर्च याच परंपरेतील आहे.