गाण्यांची एक प्रत गावाबाहेर हवी

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारकरांनी जे पाणी पाहिले, ते सहजी विसरण्यासारखे नाही. नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ बुडाले, विरारकडची लोकल थांबली, वसईची मिठागर वस्ती पाण्याने वेढली गेली आणि ठिकठिकाणी वीज गेली. असे पाणी तळमजल्यावर शिरले की घरातली म्हातारी माणसे आणि मुले आधी वर जातात. मग गॅसचा सिलिंडर, धान्याचे डबे, कागदपत्रांची पिशवी. टेबलाखालचा कॉम्प्युटर आणि कपाटाच्या खालच्या खणातली हार्ड डिस्क यांची आठवण सगळ्यात शेवटी होते, आणि तेच योग्य आहे. म्हणूनच त्या डिस्कमधल्या गाण्यांची सोय पाणी येण्याआधी लावलेली असली पाहिजे. ती लावायला महागडे यंत्र लागत नाही. बाजारात पुन्हा मिळणार नाही असे आपल्याकडे काय आहे हे ओळखायचे आणि त्याची एक प्रत घरापासून लांब ठेवायची, एवढ्यावर सारे काही अवलंबून आहे.

वसईतल्या घरांमध्ये गाण्यांचे दोन साठे एकत्र नांदतात. एक बाजारातला: सिनेमाची गाणी, नाट्यगीते, भावगीते, भजने. दुसरा घरचा: लग्नाच्या आदल्या रात्री बायकांनी म्हटलेली गाणी, हळदीची गाणी, देवळातल्या किंवा चर्चमधल्या गायकवृंदाचे ध्वनिमुद्रण, आजीने टेपरेकॉर्डरसमोर बसून म्हटलेल्या ओव्या. निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल या पट्ट्यातल्या सामवेदी समाजाची कादोडी बोलीतली लग्नगीते घ्या, अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळी वस्तीतली घ्या, की वाडवळ आणि आगरी घरांतली घ्या. ती बहुतांशी तोंडी चालत आलेली आहेत. ती आधी कॅसेटवर उतरली, मग एमपीथ्री होऊन कॉम्प्युटरमध्ये गेली. कॅसेटला बुरशी लागली, टेपरेकॉर्डर भंगारात गेला आणि आता त्या आवाजाचा ठावठिकाणा म्हणजे एका घरातली एक हार्ड डिस्क. पहिला साठा गेला तर पैसे आणि वेळ जातो. दुसरा गेला तर गाणाऱ्या बाईचा आवाज कायमचा जातो.

अशा आवाजाचे मोल महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर ओळखले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्या गाणाऱ्या बायांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या लोकांसमोर आणत आहे. या कामातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की ओवीबरोबर बाईचे नाव, गाव आणि विषयही नोंदला गेला आणि हा ठेवा एकाच माणसाच्या कपाटात अडकून राहिला नाही. घरच्या संग्रहालाही हेच दोन नियम पुरतात: नोंद हवी आणि प्रत दुसरीकडे हवी.

तरीही डिस्क उडतेच. तेव्हा पहिल्या तासाभरात आपण काय करतो, यावर पुढचे बरेच ठरते. हार्ड डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारे हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बहुधा हेडच बिघडलेले असते. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे चकतीवर ओरखडे ओढणे. ती बंद करावी आणि स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावी. पुराच्या पाण्यात भिजलेल्या डिस्कचेही तसेच. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून गढूळ पाणी आत जाते. ती वीज लावून पाहू नये, तांदळात ठेवू नये, हेअर ड्रायरने वाळवू नये. गाळ वाळला की चकतीला चिकटतो. ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर जाणकाराकडे पोचवावी.

दुसरा प्रकार कमी भीतीचा आहे. डिस्क नीट फिरते, पण कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारतो किंवा फोल्डर रिकामे दिसते. इथे ‘नाही’ म्हणावे आणि त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये, कारण पुसलेली फाइल तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बऱ्याचदा तशीच असते. मग डीडीरेस्क्यूसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने आख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि शोधाशोध त्या नकलेवर करावी. टेस्टडिस्क हरवलेले विभाजन (पार्टिशन) शोधून देते, तर फोटोरेक नावाला फोटोचे असले तरी गाण्यांच्या फाइलीही ओळखून बाहेर काढते. मात्र फोटोरेक मूळ नाव आणि फोल्डर परत आणत नाही. हाती येतात त्या ‘एफ’ अक्षर आणि लांबलचक आकडा अशा नावाच्या हजारो फाइली. सिनेमाच्या गाण्याच्या पोटात बहुधा गायकाचे आणि चित्रपटाचे नाव टॅगमध्ये असते, त्यावरून तो साठा पुन्हा लावता येतो. घरच्या ध्वनिमुद्रणात टॅग कोणी भरलेले नसतात. आवाज परत मिळतो, पण तो कोणाचा, कोणत्या गावचा, कोणाच्या लग्नातला, हे सांगणारे माणूस तोवर हयात असेलच असे नाही.

म्हणूनच रिकव्हरीवर भिस्त ठेवणे चूक आहे. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कचा हिशेब वर्षानुवर्षे जाहीर करते. त्यात वर्षाला बिघडणाऱ्या डिस्कचे प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास राहिले आहे. आकडा लहान वाटतो. पण तो वातानुकूलित दालनातल्या डिस्कचा आहे आणि आपण एकच डिस्क आठ-दहा वर्षे वापरतो, तेव्हा धोका दर वर्षी साचत जातो. त्यात वसईची खारी, दमट हवा आणि पावसाळ्यात जाणारी-येणारी वीज यांची भर. बिघडण्याआधी डिस्क इशारा देईल म्हणावे, तर गुगलने २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी एकतृतीयांशाहून अधिक डिस्क आपल्या आतल्या तपासणीत कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडल्या होत्या. चकत्यांऐवजी चिपवर लिहिणाऱ्या एसएसडीत तर पुसलेला भाग ती स्वतःच मोकळा करत असल्यामुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फारच कमी.

उपाय जुना आणि सोपा आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. या तिन्हींतला शेवटचा आकडा वसई-विरारसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. कॉम्प्युटरमधली गाणी आणि त्याच खणातली दुसरी डिस्क, या दोन प्रती एकाच पाण्यात भिजतात, एकाच चोरीत जातात, विजेच्या एकाच झटक्यात जळतात. पूर आला की शेजारच्या गल्लीतल्या मावशीचे घरही सुटत नाही. एका छपराखाली सारे ठेवण्याची किंमत मोठ्या संस्थांनीही मोजली आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या काळातली मूळ रिळे जळाली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच दुसरीकडे उतरवलेल्या होत्या, ते आज आपण पाहू शकतो. म्हणून दुसरी जागा म्हणजे नाशिकची बहीण, पुण्यातला मुलगा, जव्हारचे आजोळ, नाहीतर क्लाउड.

यावर पहिला आक्षेप येतो: आता सगळी गाणी मोबाइलवर ऐकायला मिळतात, मग हा खटाटोप कशाला? बाजारातल्या गाण्यांपुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे आणि तो मान्यच करावा. त्यांची काळजी कमी केली तरी चालेल. पण त्या सेवाही कायमच्या नसतात. एअरटेलने आपली विंक म्युझिक सेवा २०२४ मध्ये बंद केली. मायस्पेसने तर २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेले संगीत नाहीसे झाले. तिथे आपले गाणे ठेवून घरची प्रत न ठेवणाऱ्या बहुतेक कलाकारांना ते परत मिळाले नाही. आणि कादोडीतले लग्नगीत, तुमच्या आजीच्या आवाजातले, कोणत्याही ॲपवर नाही.

दुसरा आक्षेप असा की सगळे क्लाउडवर टाकले की झाले. क्लाउड ही चांगली दूरची प्रत आहे, पण एकटी पुरेशी नाही. फोल्डर आपोआप जुळवून ठेवणारी सोय चालू असेल तर इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. पासवर्ड विसरला किंवा खातेदार वारला तर घरच्यांना दार बंद होते. तिसरा आक्षेप खर्चाचा आणि कटकटीचा. इथे हिशेब करून पाहावा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला तासाला साठेक एमबी लागतात, म्हणजे घरच्या गाण्यांचे शंभर तास सहा जीबीत मावतात. एवढी जागा गुगल खात्यात फुकट मिळणाऱ्या १५ जीबीतही निघते आणि साध्या पेनड्राइव्हवरही. कॅसेटवरून नव्याने उतरवायचे असेल तर फ्लॅक प्रकारात उतरवावे. सीडीच्या दर्जाचे शंभर तास न दाबता सुमारे ६३ जीबी होतात, फ्लॅकमध्ये त्याच्या साधारण निम्म्या ते दोनतृतीयांश, आणि आवाजातले काहीच गळत नाही. शिवाय फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाची तपासखूण साठवलेली असते, त्यामुळे फाइल सडली आहे का हे दहा वर्षांनीही प्रोग्रॅमला विचारून कळते. जे खरोखर पुन्हा मिळणार नाही ते आकाराने थोडे आहे, म्हणून ते वाचवणे आपल्या आवाक्यात आहे.

प्रत घेतली म्हणजे काम संपले असेही नाही. प्रतीतली चार-सहा गाणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून ऐकल्याखेरीज ती प्रत आहे असे समजू नये. बॅकअपची डिस्क सतत जोडून ठेवू नये. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर जोडलेली डिस्कही त्यात जाते. प्रत्येक फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल असावी: कोण गाते, गाव कोणते, प्रसंग कोणता, साल कोणते, बोली कोणती. ही नोंद आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तासाभरात होते. गावातली वाचनालये, चर्च, देवस्थाने आणि समाजमंडळे यांनी पुढाकार घेऊन इच्छुक घरांच्या गाण्यांची एकेक प्रत नोंदीसह सांभाळली, तर एका घराची डिस्क उडाल्याने आख्ख्या गावाचे गाणे जाणार नाही.

वसईत मे महिन्यात आगोटीची तयारी घरोघर होते: सुकी मासळी भरायची, छपरे शाकारायची, गटारे मोकळी करायची. या कामांच्या यादीत एक काम वाढवा. घरची गाणी शोधा, त्यांना नावे द्या, एक प्रत तालुक्याबाहेर पाठवा, आणि ती तिथे वाजते का हे फोन करून विचारा. यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी हे करा.