परवानगी इमारतीला, वाट सांडपाण्याला

इमारतीच्या आराखड्याला मंजुरी देताना प्रशासनाला दोन प्रश्नांचा निर्णय करावा लागतो : या जागेवर असे बांधकाम होऊ शकते का, आणि झाल्यास त्यातून निघणारे सांडपाणी कोठे जाणार. पहिला प्रश्न भूवापर नियंत्रणाचा, म्हणजे शेती, निवास, उद्योग आणि मोकळ्या जागा यांची आखणी करून त्या आखणीनुसारच बांधकाम होऊ देण्याचा आहे. दुसरा सार्वजनिक आरोग्याचा आहे. अमेरिकेतील अनेक ग्रामीण काउंटींमध्ये हे दोन्ही प्रश्न एकाच अधिकाऱ्यापुढे येतात, जो भूखंडाचा झोन तपासतो, सेप्टिक टाकीचा परवानाही देतो आणि टाकीवर माती पडण्यापूर्वी स्वतः येऊन ती पाहतो. महाराष्ट्रात असे एकत्रित पद नाही. येथे पहिला प्रश्न नगररचना आणि महसूल खात्यांकडे, तर दुसरा प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत यांच्याकडे जातो, आणि या वाटणीचे परिणाम पालघर व बोईसर-तारापूर पट्ट्यात जितके स्पष्ट दिसतात तितके राज्यात फार थोड्या ठिकाणी दिसत असतील.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, परंतु त्याच्या पश्चिम पट्टीतील जमिनीवर नियम करणाऱ्या यंत्रणांची संख्या त्याआधीच मोठी होती. पालघर शहरात नगरपरिषद हे नियोजन प्राधिकरण, म्हणजे आराखडा करणारी आणि बांधकाम परवानगी देणारी संस्था आहे. शहरालगत कोळगाव येथे दुग्धविकास खात्याच्या सुमारे ४४० हेक्टर जमिनीवर सिडको ही राज्य शासनाची शहरविकास संस्था नवे शहर वसवत आहे आणि त्याच जमिनीच्या मोबदल्यात तिने उभारलेले जिल्हा मुख्यालय २०२१ साली कार्यान्वित झाले. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत नियोजनाचा अधिकार महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, अर्थात एमआयडीसीचा आहे. या वसाहतीला खेटून असलेली बोईसर, सरावली, पास्थळ, कोलवडे, कुंभवली यांसारखी गावे मात्र ग्रामपंचायतींच्या कारभारात आहेत, आणि अशा गावांत १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १८ नुसार प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातील विकासाची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते.

या मांडणीवर आणखी काही थर चढलेले आहेत. उत्तरेकडील डहाणू तालुका केंद्र सरकारच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी ५०० एकरांची कमाल मर्यादा आली, आणि त्या अधिसूचनेच्या पालनावर लक्ष ठेवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. किनाऱ्याला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत, ज्यांत खारफुटीला सर्वांत कडक संरक्षण मिळते. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. अशा केंद्रांभोवती साधारण ५ किलोमीटरच्या परिघात लोकसंख्येची वाढ प्रशासकीय उपायांनी मर्यादित ठेवावी, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा निकष आहे. यांखेरीज पालघर तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, तेथे पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित होण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे निर्बंध आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने बहुतेक सर्व शहरांसाठी आणि प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रांसाठी एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली, ही निःसंशय मोठी सुधारणा होती; पण तिच्यातून एमआयडीसीची क्षेत्रे आणि पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश वगळले गेल्यामुळे, ज्या पट्ट्यात एकच नियम सर्वाधिक उपयोगी पडला असता तेथेच नियमांचे तुकडे कायम राहिले.

अशा ठिकाणी नगररचना शाखेतील अधिकाऱ्याचे काम पुष्कळसे कागद एकमेकांवर ठेवून पाहण्याचे असते. अर्जासोबत सात-बारा उतारा, भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, झोन दाखला आणि वास्तुविशारदाने केलेला आराखडा येतो. झोन दाखला म्हणजे प्रादेशिक किंवा विकास योजनेत तो गट क्रमांक कोणत्या पट्ट्यात आहे, याचे अधिकृत प्रमाणपत्र होय. त्यानंतर चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे प्रमाण, सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, आणि पोहोच रस्त्याची रुंदी तपासली जाते. पुढे जोत्यापर्यंत काम आले की जोते तपासणी आणि इमारत पूर्ण झाली की भोगवटा प्रमाणपत्र असे दोन टप्पे येतात. आराखड्याच्या एका कोपऱ्यात सेप्टिक टाकीचा लहानसा आयतही काढलेला असतो, पण या सर्व छाननीत त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि ही उणीव गंभीर आहे.

ती किती गंभीर आहे हे साध्या गणिताने कळते. शहरी निवासासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे आणि त्यातले सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे मानले जाते; म्हणजे ४० सदनिकांच्या एका इमारतीत प्रत्येकी ४ माणसे धरली तर दररोज सुमारे १७,००० लिटर सांडपाणी निघेल. सेप्टिक टाकीत ते एक-दोन दिवस थांबते, जड घटक तळाशी बसतात, तेलकट थर वर तरंगतो, आणि हवेविना जगणारे जीवाणू तळाच्या गाळाचे काही प्रमाणात विघटन करतात. तरीही सेंद्रिय प्रदूषणाचा साधारण तिसरा ते अर्धा हिस्साच कमी होतो आणि रोगजंतू मोठ्या संख्येने बाहेर पडणाऱ्या पाण्यात उरतात. म्हणजे टाकी हे प्रक्रियेचे पहिले पाऊल असून उरलेले काम शोषखड्ड्याभोवतीच्या मातीने करायचे असते, आणि म्हणूनच शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर व राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते.

पालघरच्या किनारपट्टीत मातीवर टाकलेली ही जबाबदारी तिला अनेकदा पेलत नाही. पावसाळ्यात भूजल जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते, खाडीलगतची खाजण जमीन चिकण असल्याने पाणी मुरू देत नाही, आणि थोडे आत गेले की बेसॉल्ट खडक वरच लागतो, ज्याच्या भेगांतून सांडपाणी न गाळता थेट विहिरीपर्यंत पोहोचू शकते. जून ते सप्टेंबर या काळात शोषखड्डा बाहेरच्याच पाण्याने भरलेला असेल, तर टाकीतून येणारे पाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात, तेथून नाल्यात आणि शेवटी खाडीत जाणार, हे उघड आहे. जागेवर खड्डा खणून पाणी किती वेगाने मुरते ते पाहण्याची चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. परवानगीपूर्वी ती पावसाळ्यातच घेण्याचा नियम या पट्ट्यासाठी अत्यावश्यक वाटतो, कारण मे महिन्यात कोरड्या दिसणाऱ्या जमिनीवरून ऑगस्टचा अंदाज बांधता येत नाही.

औद्योगिक वसाहतीतील कामगारांना राहण्यासाठी जागा लागते आणि ती हद्दीबाहेरच्या गावांत, चाळी आणि लहान इमारतींच्या रूपाने उभी राहते. २०११ च्या जनगणनेत बोईसरची लोकसंख्या ३६ हजारांवर होती. म्हणजे एखाद्या नगरपरिषदेइतका भार ग्रामपंचायतीच्या यंत्रणेवर होता. आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे एकच पदनाम मिळालेल्या ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकाऱ्यांकडे घरपट्टीपासून पाणीपुरवठ्यापर्यंत अनेक कामे असतात आणि सांडपाण्याचे तांत्रिक शिक्षण त्यांच्या प्रशिक्षणात फारसे नसते. दुसरीकडे शासनाने परवानग्यांची प्रक्रिया सुटसुटीत केली आहे. महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीचा निवासी वापर सोपा झाला. सामान्य माणसाला हेलपाटे वाचवणाऱ्या या सुधारणा स्वागतार्ह आहेत, मात्र झोनचा प्रश्न आपोआप सुटला की सांडपाण्याचा प्रश्न विचारणारे टेबलच फाइलच्या वाटेवर उरत नाही, याची भरपाई कोठेही केलेली दिसत नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्याची कथा वेगळ्या कायद्याची आहे. पाणी प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, १९६९ साली कायदा केला आणि १९७० साली राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल प्रदूषण कायदा १९७४ चा आहे. त्याच्या कलम २५ नुसार सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला उभारणीपूर्वी आणि पुन्हा उत्पादनापूर्वी मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते, ज्यात दररोज किती आणि कोणत्या गुणवत्तेचे पाणी सोडता येईल याची मर्यादा लिहिलेली असते. मंडळाचा क्षेत्र अधिकारी कारखान्याच्या भोगवटादाराला सूचना देऊन नमुना घेतो, त्याचे दोन भाग करतो आणि ते मोहोरबंद करतो. कलम २१ मधील ही पद्धत पाळली नाही तर तो नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. प्रयोगशाळेत त्यात मुख्यतः दोन गोष्टी मोजल्या जातात. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, हे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतील याचे माप आहे. रासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे सीओडी, ही जीवाणूंना न पचणारी बरीच रसायनेही मोजते. बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअस तापमानाला ३ दिवस चालते, त्यामुळे निकाल हाती येईपर्यंत ते पाणी समुद्राला मिळून गेलेले असते. अधिकाऱ्याचा पुरावा नेहमी झाल्या गोष्टीचा असतो. पुढचे टाळण्याचे साधन संमतीपत्रातील मर्यादा हेच होय.

तारापूरमध्ये नेमकी ही मर्यादाच कोलमडली. वसाहतीतील उद्योगांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करण्यासाठी दररोज २५ दशलक्ष लिटर क्षमतेचे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते आणि तेथून वाहिनीने पाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जात असे, पण केंद्राकडे येणारे पाणी त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त होते. भूखंड देणे, उत्पादनवाढीला संमती देणे आणि केंद्राची क्षमता वाढवणे हे तीन निर्णय तीन ठिकाणी, वेगवेगळ्या वेगाने होत राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, जे देशातील औद्योगिक समूहांत सर्वाधिक होते. या निर्देशांकात गुण जितके जास्त, तितकी स्थिती वाईट. त्याआधीच, २०१६ साली, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. मांगेला हा या किनाऱ्यावरील मासेमारी करणारा समाज. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रक्रिया केंद्र आणि सुमारे शंभर उद्योगांवर मोठी पर्यावरणीय भरपाई बसवली, ज्याला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. मधल्या काळात ५० दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे केंद्र उभारले गेले.

या लढ्याचे महत्त्व असे की जमीनवापराच्या परवानगीत ज्यांचे मत कोणी घेत नाही, त्यांनी सांडपाण्याच्या शेवटच्या टोकावरून हा प्रश्न उभा केला. दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटी येथील मच्छीमारांच्या नावावर औद्योगिक वसाहतीत एक गुंठाही नसेल, पण खाडीतली मासळी कमी झाली की नुकसान त्यांचेच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित करण्यात आले आणि सातपाटी हे त्या माशासाठी प्रसिद्ध बंदर आहे. अशा किनाऱ्यावर सांडपाण्याच्या परिणामाची तपासणी बाहेर पडण्याच्या टोकापाशी न थांबता खाडीतल्या पाण्यापर्यंत आणि गाळापर्यंत गेली पाहिजे.

पुन्हा इमारतींकडे वळायचे, तर अनधिकृत बांधकामांच्या बाबतीत नगररचना कायद्याचे कलम ५३ पाडण्याच्या नोटिशीचा आणि कलम ५४ काम थांबवण्याचा अधिकार देते. कागदावर हे अधिकार भक्कम आहेत, पण खोल्यांत कुटुंबे राहायला आली की ते वापरणे कठीण होते, आणि ते योग्यही आहे, कारण खोली भाड्याने घेणाऱ्या कामगाराने कायदा मोडलेला नसतो. म्हणून या कामातील खरी ताकद जोत्याच्या आधीच्या काही आठवड्यांत आहे. त्या वेळी टाकीचे माप, शोषखड्ड्याचे ठिकाण, विहिरीपासूनचे अंतर आणि गटाराची उतरण दुरुस्त करायला खर्च जवळपास लागत नाही. स्लॅब पडल्यानंतर तोच बदल अशक्यप्राय होतो.

येत्या वर्षांत हा भार वाढणार आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे एक स्थानक बोईसरला होत आहे, आणि डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. जमिनीचे व्यवहार प्रकल्पांपेक्षा वेगाने पुढे जातात, त्यामुळे नवे एकत्रित पद निर्माण होण्याची वाट पाहणे परवडणारे नाही. असलेल्या यंत्रणेतही जोते तपासणीच्या दिवशी नगररचना शाखेचा प्रतिनिधी आणि ग्रामपंचायत अधिकारी एकत्र जागेवर येऊ शकतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, प्रत्येक मिळकतीची नोंद आधीपासून असते; तिला जोडून टाकीचे घनफळ, शोषखड्ड्याची जागा आणि गाळ शेवटचा उपसल्याची तारीख नोंदवली, तर दर दोन-तीन वर्षांनी उपसा कोणाचा व्हायला हवा हे कळेल, खासगी टँकर तो गाळ कोठे नेतात याचा हिशोब मागता येईल, आणि मैला गाळावर प्रक्रिया करणारे केंद्र किती क्षमतेचे लागेल हे अंदाजाऐवजी आकड्यांवरून ठरवता येईल.