फ्रीलान्सिंग : समज, गैरसमज आणि थकलेली बिलं

‘घरबसल्या काम, म्हणजे सवडीचं काम’ असं शेजाऱ्यांना वाटत असेल तर वाटू द्यावं. पण नोकरी सोडून अनुवाद किंवा डिझाइनची कामं घेऊ पाहणाऱ्यालाच तसं वाटत असेल, तर पहिल्या वर्षातच ते महागात पडतं.

समजा, शब्दाला दीड रुपया दर आहे आणि दिवसाला २,००० शब्दांचा अनुवाद होतो. दिवसाचे ३,०००, महिन्याचे २२ दिवस धरले तर ६६,००० रुपये. कागदावर झकास. पण नमुना पाठवणं, दरावर घासाघीस, मुद्रितं तपासणं, बिलासाठी फोन आणि पुढच्या कामाची वाट यांत निम्मे दिवस गेले, तर हाती येतात ३३,०००. त्यात भरपगारी रजा नाही, पीएफ नाही, विमा नाही. जुन्या पगाराला तीसने भागून रोजचा दर काढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

‘टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला’ हेही खरं नाही. एका ग्राहकाकडून मिळणारं व्यावसायिक शुल्क वर्षाला ५०,००० रुपयांवर गेलं की साधारणपणे १० टक्के कापले जातात. (एप्रिल २०२५पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती.) ही फक्त आगाऊ कपात. एकूण उत्पन्नावर कर जास्त बसला तर उरलेला भरावा लागतो. बसलाच नाही तर कापलेले पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरलं तरच.

जीएसटीचा धसका मात्र बहुतेकांनी उगाच घेतलेला असतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्याशिवाय सहसा नोंदणीची सक्ती नाही. याउलट व्यवसाय कराची कोणाला आठवणही नसते. तो पगारातून कापला जायचा, म्हणून नोकरीबरोबर तोही सुटला असं वाटतं. १९७५च्या राज्याच्या कायद्यानुसार स्वतंत्र व्यावसायिकालाही नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात.

‘त्यांनी पैसे दिले, आता मजकूर त्यांचा’ हे तर अनुभवी लोकही म्हणतात. १९५७चा कॉपीराइट कायदा वेगळं सांगतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाचा. पण बाहेरून करून दिलेल्या लेखाचा किंवा अनुवादाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करणाऱ्याचाच. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. छायाचित्रकार आणि चित्रकारांनी मात्र सावध असावं. कोणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काढलेल्या छायाचित्राचा किंवा रंगवलेल्या चित्राचा हक्क, करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो.

माझ्या मते सगळ्यांत नुकसान करणारा समज शेवटचा : ‘बिल थकलं तर आपण एकटे काय करणार?’ २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यात सेवा देणारा एकटा माणूसही बसतो. या कायद्याखालची ‘उद्यम’ नोंदणी असलेल्याचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं. करारात ९० दिवस लिहिले तरी ते चालत नाहीत. मुदत लेखी ठरलीच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. दाद याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे मागता येते. तिथे निकाल चुटकीसरशी लागत नाही, हेही खरं.

पण बऱ्याचदा तिथवर जावंच लागत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून, सूक्ष्म आणि लघु उपक्रमांचं मुदत उलटलेलं देणं वर्षअखेरीस थकलेलं असेल, तर ग्राहकाला ते त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. म्हणून बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ‘देय मुदत ४५ दिवस’ एवढं छापावं. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणारा माणूस ती ओळ वाचत नाही, पण त्याचा अकाउंटंट मार्चमध्ये नक्की वाचतो.

उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करावी, बिल थकल्यावर नव्हे. आधार आणि पॅन पुरतं, शुल्क शून्य. पैसे मागणारी साइट दिसली, तर ती सरकारी नाही.