दहाचा तास

२२ मार्च २०२०चा जनता कर्फ्यू झाला, तीन दिवसांनी देश बंद झाला आणि जळगाव-धुळ्याची कॉलेजं मोबाइलवर भरू लागली. बहुतेकांनी झूम किंवा गूगल मीट धरलं. आम्ही बिगब्लूबटन घेतलं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण सर्व्हर आपला लागतो आणि डोकेदुखीही आपलीच.

पहिला धडा गणिताचा. तीस जणांनी कॅमेरे लावले तर सर्व्हरकडे तीस चित्रं येतात, पण प्रत्येकाला बाकीच्या एकोणतीस जणांची पाठवायची म्हणजे ८७० होतात. साठ जण झाले की ३५४०. वर्ग दुप्पट, काम चौपट. म्हणून ‘कॅमेरे बंद ठेवा’ हा हुकूम निघाला. शिस्तीशी त्याचा काही संबंध नव्हता. आवाजाचं तसं नाही. तो सर्व्हरवर एकत्र मिसळून प्रत्येकाला एकच जातो, पण मिसळायला प्रोसेसर लागतो. तो भरला की शब्द तुटायचे आणि पोरं विचारायची, ‘सर, आवाज ई ऱ्हायना का?’

आठ कोअर, सोळा जीबीच्या सर्व्हरवर एका वेळी दोनशे माणसं आणि एका बैठकीत शंभर, एवढंच बनवणारे तेव्हा सांगत. आम्ही आणखी सर्व्हर घेतले आणि पुढे त्यांच्यात भार वाटून देणारं स्केललाइट बसवलं. जिथून तास उघडायचे त्या मूडलला वाटतं सर्व्हर एकच आहे. स्केललाइट प्रत्येक नवी बैठक सर्वांत कमी भार असलेल्या सर्व्हरवर पाठवतं. सर्व्हर वाढले की हॉल मोठा होईल, अशी बऱ्याच जणांची समजूत होती. तसं होत नाही, खोल्या वाढतात. एक बैठक एकाच सर्व्हरवर राहते, त्यामुळे तिन्ही तुकड्यांचं एकत्र व्याख्यान शेवटपर्यंत रडतखडतच झालं. जित्सी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑक्टो’ वापरून एकच बैठक अनेक सर्व्हरवर पसरवता येते, पण चालू सत्रात सगळं बदलायची हिंमत कुणात नव्हती.

खरी गंमत दहाच्या तासाला. स्केललाइट साधारण मिनिटाने भार तपासतं. दहाला सगळ्या बैठका उघडतात तेव्हा आत फक्त मास्तर, म्हणजे प्रत्येक सर्व्हर मोकळाच दिसणार. पाच मिनिटांनी पोरं लोटली की एकावर तोबा गर्दी आणि शेजारचा निवांत. यावर तोड स्केललाइटमध्येच आहे: नव्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं निदान पंधरा जण आहेत असं ते धरून चालतं. आमच्या प्रथम वर्ष कॉमर्सला पंधरा कुठले पुरणार? तो आकडा आम्ही वाढवला. तरी माझ्या मते त्याहून जास्त काम वेळापत्रकाने केलं. तास दहा-दहा मिनिटांनी मागेपुढे केले आणि तक्रारी निम्म्यावर आल्या. त्याला एक पैसा लागला नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला मात्र यातलं काहीच पोचलं नाही. बोराडी-पळासनेरकडच्या पोरांची अडचण टॉवरची होती, तिथे स्केललाइट काय करणार? ती शिरपूरला आली की मागचे तास ऐकत. सगळ्या सर्व्हरांची रेकॉर्डिंग एकाच सामायिक डिस्कवर जमत होती, तीच भरत आली. मग पुढच्या सर्व्हरसाठी ठेवलेले पैसे आम्ही डिस्कला लावले.