काळ्या मातीचं मडगार्ड

भर पावसाळ्यात आष्टीच्या आसपासच्या पांदण रस्त्यांवर सायकल चालवता येत नाही, ओढावी लागते. डांबर सुटून काळी माती लागली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गारा ठासून भरतो आणि चाक जागेवर थांबतं. काडीनं तो उकरायचा, थोडं पुढे जायचं, पुन्हा तेच. वैतागून काही जण मडगार्डच काढून टाकतात. मग डांबरी रस्त्यावर पाठ भरते.

टायरवरचा थेंब स्पर्शरेषेत सुटतो. मागच्या चाकाची मागची बाजू वर चढत असते, म्हणून तिथले थेंब वर उडतात. २८ इंची चाक, वेग ताशी १० किलोमीटर आणि हवेचा अडथळा सोडून हिशेब केला, तर थेंब जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटर चढतो, म्हणजे सीटच्या खालीच राहतो. १५ च्या वेगाला तो सव्वा मीटरवर, थेट पाठीवर पोचतो. २० ला जवळजवळ दोन मीटर! पाठीला लागणारे थेंब सुटतात ते चाकाचा माथा आणि मागून आसाची उंची यांच्यामधल्या पाव वर्तुळातून. झाकायचं तेवढंच.

आता माती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट झिजून ती झाली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज अतिसूक्ष्म पापुद्र्यांचं असतं. शुद्ध रूपात एका ग्रॅममधल्या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या वर भरतं. पापुद्र्यांवरचा ऋण विद्युतभार पाण्याला धरून ठेवतो, पाणी आत शिरतं, माती फुगते आणि लोखंडालाही चिकटते. पाऊस उघडल्यावर कपाशीला ओल पुरवते ती हीच माती, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. बाजारातलं मडगार्ड मात्र टायरला लगटून बसतं. पाण्यासाठी ते चांगलं, काळ्या मातीसाठी नाही. इथे किमान तीन बोटांची फट हवीच, आणि ती घरच्या मडगार्डात आपल्याला हवी तेवढी ठेवता येते.

खाद्यतेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घ्या. फवारणीच्या औषधाचा अजिबात नको. धुतल्यावरही विषाचा अंश प्लास्टिकमध्ये राहू शकतो. कॅनची आठ-नऊ सेंटिमीटर रुंद पट्टी कापून कॅरिअरच्या खालून बांधा. दुसरी पट्टी कॅनच्या उभ्या कोपऱ्यावरून कापा, म्हणजे मधोमध आयती घडी मिळते. सपाट कागद हातात धरला की लवतो, घडी घातलेला ताठ राहतो, प्लास्टिकचंही तसंच. ही पट्टी कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावून आसाच्या उंचीपर्यंत खाली सोडायची. चाकाला ती लागू नये म्हणून आसाच्या नटापासून जाड तारेचा टेकू द्या. भोकं तापलेल्या खिळ्यानं, मोकळ्या हवेत पाडा. बूट वाचवायचे तर तिसरी पट्टी पुढच्या चाकामागच्या तिरप्या दांडीखाली बांधायची.

बांधायला तार नको, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घ्या. रबर धक्के सोसतं, प्लास्टिकच्या भोकाला चीर जात नाही. शिवाय गाठ हातानं सुटते: पांदण लागली की मागची पट्टी सोडून कॅरिअरवर दाबायची, डांबर आलं की पुन्हा बांधायची.